म्हशीची लाल लघवी आणि आपली

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या धर्मग्रामातील एका घरी अंथरुणाला खिळलेल्या आजीला कम्युनियन द्यायला गेलो होतो. घरात मोठी धावपळ चालली होती. आजीसाठी नव्हे, म्हशीसाठी. बारा-तेरा दिवसांपूर्वी व्यालेली चांगली दुभती म्हैस. तिने पहाटे कॉफीच्या रंगाची लघवी केली होती. घरधनी उजाडायच्या आतच मोटारसायकलवरून जनावरांच्या डॉक्टरकडे पोचला, त्यांना मागे बसवून घेऊन आला, आणि मी उंबऱ्यात पाऊल टाकले तेव्हा म्हशीला सुई टोचून झाली होती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलेत. उद्यावर ढकलले असते तर म्हैस गेली असती.

आजीची प्रार्थना आटोपून निघालो, तसा हा गृहस्थ मला पाणंदीपर्यंत पोचवायला आला. वय साठीच्या पुढे. गोठा मागे पडल्यावर हळूच म्हणाला, "फादर, एक विचारू का? म्हशीचं झालं तसं मलाही होतंय. नाताळापासून तीनदा झालं. पण दुखत नाही काही. दोन दिवसांनी आपोआप स्वच्छ होतं. उष्णता असेल, नाही का?"

मी जागीच थांबलो. म्हशीला पहाटे लाल लघवी झाली आणि सूर्य उगवायच्या आत डॉक्टर दारात. घरधन्याला नाताळात झाली आणि जून उजाडला तरी बायकोलासुद्धा पत्ता नाही.

वाचकहो, हा लेख त्या सहा महिन्यांविषयी आहे. मी डॉक्टर नाही. पण धर्मगुरूला आजाऱ्यांच्या खाटेशी बसावे लागते, आणि बसता बसता पुष्कळ ऐकावे लागते. ऐकलेले डॉक्टर मंडळींकडून तपासून घेऊन, काही वाचून, मग लिहीत आहे.

आपल्या भागात लघवीच्या प्रत्येक तक्रारीला दोनच नावे आहेत. एक 'उन्हाळी' आणि दुसरे 'उष्णता'. जळजळ झाली, उन्हाळी लागली. रंग बदलला, उष्णता झाली. मग धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, फार झाले तर हुलग्यांचे कढण आणि पानफुटीची पाने. ही औषधे वाईट आहेत असे मी म्हणत नाही. भर उन्हात नांगरट करून आलेल्या माणसाने भरपूर पाणी प्यावे हे कोणीही सांगेल. वाईट आहे ती त्या शब्दांनी मिळणारी खोटी स्वस्थता. नाव मिळाले की माणसाला वाटते, रोग कळला.

प्रथम चांगली गोष्ट सांगतो, कारण 'लघवीतून रक्त' म्हटले की काही जण लगेच मृत्युपत्र लिहायला बसतात. लघवीतून रक्त जाणाऱ्या बहुतेकांना कर्करोग नसतो. मूतखडा असतो, मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग झालेला असतो, म्हाताऱ्या पुरुषांत प्रोस्टेटची गाठ वाढलेली असते, कधी मूत्रपिंडाचाच वेगळा आजार असतो, आपल्या देशात क्वचित मूत्रपिंडाचा क्षयही असतो. काही वेळा तर ते रक्तच नसते. बीट खाल्ले की काहींची लघवी लालसर होते. क्षयाच्या उपचारातील रिफाम्पिसिन नावाचे औषध लघवी केशरी करते, आणि ते पाहून घाबरून गोळ्या सोडणारे लोक मी पाहिले आहेत. तसे मुळीच करू नये. आणि घोणस किंवा फुरसे चावल्यावर लघवी लाल झाली तर तो या लेखाचा विषयच नव्हे. वाचणे टाकून त्याच क्षणी सर्पदंशाची लस असलेले रुग्णालय गाठावे.

मग किती जणांना कर्करोग निघतो? इंग्लंडमधील एक मोठी पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. लघवीतून रक्त गेले म्हणून रुग्णालयात पाठवलेल्या ३,५५६ लोकांची त्यात तपासणी झाली होती. ज्यांनी डोळ्यांनी रक्त पाहिले होते, त्यांच्यापैकी शंभरात सुमारे १४ जणांना मूत्रमार्गाचा कुठला तरी कर्करोग निघाला. ज्यांचे रक्त डोळ्यांना दिसत नव्हते, केवळ तपासणीत सापडले होते, त्यांच्यात हे प्रमाण शंभरात ३ होते. हे आकडे जसेच्या तसे आपल्या गावाला लावू नयेत. ते लोक मुळात डॉक्टरांनी निवडून पाठवलेले होते, शिवाय देश वेगळा. पण त्यातला फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. दिसणारे रक्त आणि न दिसणारे रक्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिसणाऱ्या रक्ताचे वजन कितीतरी जास्त.

शंभरात चौदा म्हणजे सातांत एक. सात पोती बियाण्यांपैकी एक किडलेले आहे असे दुकानदाराने सांगितले, तर आपण न उघडता सातही पोती रानात नेऊन पेरू काय?

न दिसणाऱ्या रक्ताविषयी थोडे सांगतो, कारण आरोग्य शिबिरांत लघवीची तपासणी होते आणि 'ब्लड प्लस' असा कागद हातात घेऊन माणसे माझ्याकडे येतात. शिबिरात लघवीत रंगीत पट्टी बुडवतात. ती पट्टी रक्तातील लाल द्रव्य ओळखते, पण ते द्रव्य सबंध रक्तपेशींसकट आले आहे की नुसतेच उतरले आहे, हे तिला कळत नाही. म्हशीचा दाखला येथे नेमका लागू पडतो. व्यालेल्या म्हशीला शरीरातील फॉस्फरस कमी पडल्याने जी कॉफीच्या रंगाची लघवी होते, तिच्यात सबंध रक्तपेशी नसतात. पेशी शरीरातच फुटतात आणि त्यांतला लाल रंग लघवीत उतरतो. गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही तसेच. म्हणून पट्टीवर रंग आला तर सूक्ष्मदर्शकाखाली लघवी पाहावीच लागते. एका दृश्यक्षेत्रात तीन किंवा अधिक लाल पेशी दिसल्या तर ते खरे रक्त मानतात. स्त्रियांनी पाळीच्या दिवसांत नमुना देऊ नये, आणि दिला असेल तर तसे सांगावे; नाहक घबराट होते.

अशा न दिसणाऱ्या रक्ताच्या बाबतीत डॉक्टरांचेही मत बदलत आले आहे, आणि मला ते आश्वासक वाटते. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली सांगितले होते की ३५ वर्षांवरील सर्वांची, कारण सापडले नाही तर, मूत्राशयात दुर्बीण घालून आणि सीटी स्कॅन काढून तपासणी करावी. २०२० साली त्यांनी हा सरसकट नियम सोडला, आणि २०२५ साली त्यात आणखी दुरुस्ती केली. आता ते आधी माणूस पाहतात. वय किती, पुरुष की स्त्री, विडी-सिगरेट किती ओढली, लाल पेशी किती दिसल्या, आणि पूर्वी कधी डोळ्यांना दिसेल असे रक्त गेले होते काय? तरुण, कधी धूम्रपान न केलेला, थोड्याच पेशी असलेला माणूस असेल तर काही महिन्यांनी पुन्हा लघवी तपासली तरी चालते. साठी उलटलेला पुरुष, तीस-तीस वर्षे रोज पाकीटभर ओढणारा, किंवा पूर्वी एकदा जरी लाल लघवी झालेला, हा मात्र वरच्या धोक्याच्या गटात; त्याला दुर्बीण चुकत नाही.

हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, आणि नेमके त्याचेच उत्तर आपले लोक लपवतात. डॉक्टर विचारतात, "पूर्वी कधी?" आणि बायको शेजारी बसलेली असते म्हणून उत्तर येते, "नाही." एका खोट्या 'नाही'ने माणूस वरच्या गटातून खालच्या गटात जातो, आणि सहा महिन्यांनी या म्हणून घरी पाठवला जातो.

माझ्या परिचयाचे काही डॉक्टर म्हणतात, "फादर, आपल्याकडे मूतखडे आणि जंतुसंसर्ग इतके आहेत की रक्त दिसलेल्या प्रत्येकाला दुर्बिणीसाठी पाठवले तर रुग्णालये बंद पडतील." न दिसणाऱ्या रक्ताच्या आणि तरुणांच्या बाबतीत मला हे पटते. परंतु पंचेचाळीसच्या पुढच्या माणसाला डोळ्यांनी रक्त दिसले, जंतुसंसर्ग नाही, किंवा संसर्गावर औषध घेऊनही रक्त पुन्हा आले, तर तेथे हा युक्तिवाद मला मान्य नाही. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनात २०१५ पासून अशा माणसाला कर्करोगाच्या तपासणीसाठी त्वरेने पाठवावे असेच आहे. आपल्याकडे गर्दी आहे, हे खरे. पण गर्दी हे रोगाचे कारण होत नाही, फक्त उशिराचे होते.

आता दुखण्याविषयी. "दुखत नाही, मग दाखवायचे कशाला?" हा प्रश्न मला इतक्या वेळा ऐकू आला आहे की आता त्याचीच भीती वाटते. मूतखडा दुखतो. उन्हाळी जळजळते. मूत्राशयाच्या कर्करोगाचे पहिले रक्त बहुधा मुकाट्याने येते. त्यात दुसरी फसवणूक अशी की ते थांबते. मूत्राशयाच्या आतल्या अंगाला फुलकोबीच्या तुऱ्यासारखी गाठ येते, तिचा एखादा नाजूक भाग सुटतो, रक्त येते, मग ते बंद होते. पुढे महिना, दोन महिने, कधी अधिक काळ काहीच नाही. एवढ्या अवधीत तुम्ही जे काही घेतले असेल त्याला श्रेय मिळते. कढण घेतले असेल तर कढणाला, गोळी घेतली असेल तर गोळीला, नवस केला असेल तर नवसाला. आमच्या त्या गृहस्थाचे तीनही वेळा असेच झाले. पहिल्यांदा धन्याच्या पाण्याने थांबले, दुसऱ्यांदा मेडिकल दुकानातील गोळीने, तिसऱ्यांदा काहीच न करता. तरी त्याच्या मनात आले नाही की ज्याअर्थी तिसऱ्यांदा काही न करताच थांबले, त्याअर्थी पहिल्या दोन वेळांचे औषधही तेवढेच कामाचे असेल.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्या हृदयरोग्यांनाही एक सांगायचे आहे. "गोळीमुळे रक्त येते" असे म्हणून स्वस्थ बसू नये, आणि स्वतःहून गोळी बंदही करू नये. गोळी रक्त वाहते करते, पण वाहायला जागा आधीच कुठेतरी असू शकते. अशा रुग्णांची तपासणी इतरांसारखीच करावी असे तज्ज्ञ सांगतात.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना माझी लेखणी जड होते. मूत्राशयाचा कर्करोग पुरुषांत स्त्रियांच्या तिपटीने-चौपटीने अधिक. म्हणून स्त्रीची लघवी लाल झाली तर कर्करोग कोणाच्या मनातच येत नाही. पण ज्या स्त्रियांना तो होतो, त्यांचे निदान पुरुषांपेक्षा उशिरा होते, आणि पुष्कळदा रोग पुढे गेल्यावर होते. कारण उघड आहे. स्त्रीने लघवीची तक्रार सांगितली की जंतुसंसर्गाच्या गोळ्या लिहून मिळतात. पुन्हा सांगितली की पुन्हा गोळ्या. पाळी गेलेल्या बाईला रक्त दिसले तर ते लघवीतून आहे की अंगावरून जाते आहे, हेच तिला सांगता येत नाही, आणि आपल्या घरांत ते विचारणारेही कोणी नसते.

काही वर्षांपूर्वी, मी दुसऱ्या धर्मग्रामात असताना, चर्चची फुले सजवणारी एक मावशी होत्या. एका रविवारी मिस्सानंतर सहज बोलता बोलता म्हणाल्या, "फादर, मेली ही उन्हाळी काही जात नाही." मी म्हणालो, "मावशी, पाणी कमी पिता. धन्याचे पाणी घ्या." मी हसून म्हणालो, हे मला नीट आठवते. त्यांना वर्षभरात पाच वेळा गोळ्या दिल्या गेल्या होत्या. एकदाही गोळ्या संपल्यावर पुन्हा लघवी तपासली नव्हती. रक्त जाते हे त्यांनी मला सांगितले नाही, धर्मगुरूला कशा सांगणार? पण मी विचारलेही नाही. दुर्बीण झाली तेव्हा रोग मूत्राशयाच्या भिंतीतून बाहेर गेला होता. त्यांना तैलाभ्यंगही मीच दिला आणि माती द्यायलाही मीच होतो. ज्या दवाखान्यात त्या जात, त्याच्यावर राग धरण्याचा अधिकार मला नाही; त्या डॉक्टरांनी पाच वेळा जे केले तेच मी एका वाक्यात केले होते.

तेव्हापासून मी एक नियम केला आहे आणि तो भगिनींना सांगतो. उन्हाळीच्या गोळ्या संपल्यावर आठ-पंधरा दिवसांनी लघवी पुन्हा तपासून घ्या. साफ निघाली तर सोडून द्या. रक्त राहिले, किंवा सहा महिन्यांत दुसऱ्यांदा तोच प्रकार झाला आणि तुमचे वय पंचेचाळीसच्या पुढे आहे, तर गोळ्यांची तिसरी पुडी घेण्याऐवजी मूत्ररोगतज्ज्ञाची चिठ्ठी मागा. मागायला संकोच वाटत असेल तर सिस्टरांना सोबत न्या. बारा वर्षे रक्तस्रावाने गांजलेली शुभवर्तमानातील स्त्री गर्दीत मागून येऊन झग्याला हात लावते, समोर येत नाही. आपण तिच्या श्रद्धेवर प्रवचने देतो. ती मागून का आली, हे मात्र फारसे सांगत नाही.

आता विडी. निपाणीच्या परिसरातील तंबाखूवर आपल्या सीमाभागातील कितीतरी चुली पेटल्या आहेत. तंबाखूला भाव मिळावा म्हणून १९८१ साली निपाणीला शेतकऱ्यांनी केलेले आंदोलन आणि त्यावर झालेला गोळीबार आठवणारी माणसे अजून आहेत. तेव्हा तंबाखूविरुद्ध लिहिताना मला ठाऊक आहे की मी कोणाच्या तरी घामाविरुद्ध लिहीत आहे. पण हे लपवून चालणार नाही. तंबाखूच्या धुराने फुप्फुस बिघडते हे सर्वांना माहीत आहे. मूत्राशयाच्या कर्करोगांपैकी जवळजवळ निम्मे धूम्रपानामुळे होतात, हे फार थोड्यांना माहीत आहे. "धूर छातीत जातो, लघवीच्या पिशवीत कसा जाईल?" असे मला एकाने विचारले. उत्तर सोपे आहे. धुरातील विष फुप्फुसातून रक्तात जाते, मूत्रपिंड ते रक्तातून गाळून काढते, आणि ते लघवीबरोबर मूत्राशयात तासन् तास साठून राहते. फवारणीचे उरलेले औषध पंपात रात्रभर ठेवले तर पंपाची टाकी आतून खराब होते, तसेच.

हे पहिल्यांदा कळले ते विडीमुळे नव्हे, रंगामुळे. जर्मनीतील फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ साली दाखवून दिले की किरमिजी रंगाच्या कारखान्यात काम करणाऱ्या मजुरांना मूत्राशयाच्या गाठी होत आहेत. त्या रंगधंद्यातील घातक द्रव्यांपैकी काही तंबाखूच्या धुरातही असतात. विडी सोडल्यावर धोका उतरत जातो, मात्र लगेच नाहीसा होत नाही. म्हणून "मी दहा वर्षांपूर्वीच सोडली" असे सांगणाऱ्यानेही पूर्वी किती ओढली ते डॉक्टरांना खरे सांगावे.

शेतकरी विचारतील, फवारणीचे काय? सोयाबीनमध्ये वापरले जाणारे इमॅझेथापायर हे तणनाशक आणि मूत्राशयाचा कर्करोग यांचा संबंध अमेरिकेतील शेतकऱ्यांच्या एका दीर्घ अभ्यासात दिसला आहे. आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांत तो १९९३ साली सुरू झाला. संबंध दिसणे आणि कारण सिद्ध होणे यांत अंतर आहे, म्हणून मी कोणाला घाबरवणार नाही. पण हातमोजे न घालता औषध कालवणे आणि फवारून झाल्यावर त्याच हाताने विडी ओढणे यासाठी कुठल्याही अभ्यासाची वाट पाहायला नको.

याहून पक्की हकीकत एका तणाची आहे, आणि ती मला शेतीच्या पानावर सांगितलीच पाहिजे. युरोपात डॅन्यूब नदीच्या उपनद्यांकाठच्या काही खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या मूत्रपिंडे निकामी होत, आणि त्याच घरांत मूत्रमार्गाचे कर्करोग होत. १९५० च्या दशकात हा आजार वैद्यकाच्या नोंदीत आला. पाण्यात दोष असेल, बुरशीत असेल, असे तर्क झाले. शेवटी दोष सापडला गव्हाच्या शेतात वाढणाऱ्या एका तणात. त्याचे बी गव्हाबरोबर दळले जाई आणि रोजच्या भाकरीतून पोटात जाई. पुढे बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या औषधात त्याच कुळातील चिनी वनस्पती मिसळली गेली आणि स्त्रियांची मूत्रपिंडे गेली, हे १९९३ साली उजेडात आले. त्यांच्यातील ३९ रुग्णांची निकामी मूत्रपिंडे काढून तपासली तेव्हा १८ जणांत कर्करोग सापडला. त्या कुळाचे शास्त्रीय नाव ॲरिस्टोलोकिया. आपल्याकडची ईश्वरी, जिला सापसंद म्हणतात, आणि काळ्या रानातील कीडामारी या त्याच कुळातल्या. सापाच्या विषावर ईश्वरीचे मूळ आणि जंतांवर कीडामारीचा पाला देणारी जाणती माणसे आपल्या भागात आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो यात शंका नाही. तरीही ही दोन झाडे पोटात घेऊ नयेत, मुलांना तर मुळीच देऊ नयेत. जनावरांतही असे घडते. हिमालयाच्या डोंगराळ भागांत एक जातीचा नेचा चरणाऱ्या गुरांना मूत्राशयाच्या गाठी होऊन लघवीतून रक्त जाते. तेव्हा 'झाडपाला म्हणजे निर्धोक' हे गाईलाही लागू नाही.

तपासणीची भीती हा उरलेला अडसर. पुरुषांना दुर्बिणीचे नाव काढले तरी घाम फुटतो. प्रत्यक्षात नुसती पाहणी असेल तर जागा बधिर करणारी जेली लावून काही मिनिटांत ती संपते. नंतर एक-दोन दिवस जळजळ होते. "सोनोग्राफी नॉर्मल आली, मग दुर्बीण कशाला?" असेही विचारतात. सोनोग्राफीत मूत्रपिंड चांगले दिसते, पण मूत्राशयातील लहान गाठ सुटू शकते. रानात उंच उभे राहून पाहिले तर पीक दिसते, पानाखालची अळी दिसत नाही. तिच्यासाठी वाकून पान उलटावे लागते.

आणि वेळेवर सापडला तर हा रोग पुष्कळदा आटोक्यात येतो. मूत्राशयाच्या दर चार कर्करोगांपैकी सुमारे तीन सापडतात तेव्हा भिंतीच्या स्नायूपर्यंत पोचलेले नसतात. असे असेल तर पोट न फाडता, लघवीच्या वाटेनेच गाठ खरवडून काढतात. त्यानंतर कित्येकांना मूत्राशयात जे औषध सोडतात ते ऐकून तुम्हाला नवल वाटेल: बीसीजी. क्षयावरची तीच लस, जिचा व्रण आपल्या दंडावर आहे. कॅनडाचे डॉक्टर अल्वारो मोरालेस यांनी १९७६ साली नऊ रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला, आणि आज जगभर ती वापरतात. मात्र हा रोग हरळीसारखा आहे. काढला तरी पुन्हा फुटण्याची खोड त्याला असते. म्हणून ठरलेल्या तारखांना पुन्हा पुन्हा दुर्बीण करून घ्यावी लागते. स्नायूत शिरला असेल तर मात्र मूत्राशय काढून टाकण्यापर्यंत किंवा किरणोपचारांपर्यंत गोष्ट जाते, आणि मग खर्च, यातना, सारेच वाढते.

खर्चाचे म्हणाल तर बीपीएल शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांनी ती आणि आधार कार्ड घेऊनच निघावे. आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. सरकारी दवाखान्यातून आधी चिठ्ठी घ्यावी लागते, त्यासाठी एक फेरी जास्त पडते. खानापूरकडील मंडळी गोव्याला बांबोळीला जातात, बाकीचे बेळगावला. जाताना एका कागदावर लिहून न्या: वय, रक्त कोणकोणत्या दिवशी दिसले, किती वेळा, गाठी पडत होत्या का, दुखत होते का, विडी किती वर्षे आणि रोज किती, चालू असलेल्या गोळ्या, आणि कोणता झाडपाला घेतला असेल तर तोही. झाडपाल्याचे सांगितले म्हणून डॉक्टर रागावले तर रागावू द्या.

त्या गृहस्थाला मी पाणंदीवरून परत घरी नेले आणि त्याच्या बायकोसमोर त्याला बोलायला लावले. ती आधी रडली, मग चिडली. सहा महिने आपल्याला सांगितले नाही याचा तिला रोगाहून अधिक राग आला होता. पुढल्या गुरुवारी ते बेळगावला गेले. सोनोग्राफीत काही निघाले नाही. वय आणि चाळीस वर्षांची विडी पाहून डॉक्टरांनी दुर्बीण केलीच. हरभऱ्याएवढी एक गाठ निघाली, वरच्यावर असलेली. ती काढली. बीसीजीच्या सहा खेपा झाल्या. विडी सुटली आहे असे तो म्हणतो. बायको म्हणते, बहुतेक.

परवा पुन्हा त्यांच्याकडे गेलो होतो. गोठ्याच्या दारामागे कॅलेंडर टांगले आहे. त्यावर म्हशीला रेतन केल्याची तारीख, व्यायचा अंदाज, आणि त्याखाली लाल पेनाने बायकोच्या अक्षरात त्याच्या पुढच्या दुर्बिणीची तारीख लिहिली आहे. भातलावणी त्याच आठवड्यात येते म्हणून तो कुरकुरत होता. तिने दोन दिवसांसाठी भावाच्या घरचे दोन गडी आधीच सांगून ठेवले आहेत.